पान पिवळे पडले, एवढ्याने रोग कळत नाही

ऑगस्ट सरता सरता धाम नदीच्या दोन्ही अंगांच्या वावरांत सोयाबीन पिवळे पडू लागते आणि पवनारपासून सेलू-देवळीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : पीक पिवळे पडले, आता काय मारू? या प्रश्नाचे झटकन उत्तर देणारा बहुधा चुकतो. नत्र कमी पडले तरी सोयाबीन पिवळे पडते, चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले तरी पडते, मुळाशी पाणी तुंबले तरी पडते. पांढऱ्या माशीने पिवळ्या मोझॅकचा विषाणू आणला, खोडमाशीची अळी खोड पोखरत गेली, चक्रीभुंग्याने देठावर दोन गोल काप घेतले किंवा बुरशीने मूळ कुजवले, तरी दुरून दिसणारे चित्र तेच. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा. लोहाची उणीव फवारणीने भरून निघते. तुंबलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यावी लागते. विषाणू शिरलेल्या झाडाला बरे करणारे औषध बाजारात नाही, आणि मूळकुजीने वाळत चाललेल्या झाडावर वरून फवारलेले बुरशीनाशक मुळापर्यंत पोहोचत नाही. 2023 साली हे सगळे एकदम अनुभवाला आले. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्यानंतर नागपूर, वर्धा, चंद्रपूर जिल्ह्यांत सोयाबीन पिवळे पडून वाळल्याच्या तक्रारींचा पूर आला. पाहणी झाली तेव्हा कुठे पिवळा मोझॅक निघाला, कुठे मूळकुज, कुठे शेंगांवरचा करपा, तर कुठे हे तिन्ही एकाच वावरात. ज्यांनी सगळ्यावर एकच मिश्रण फवारले त्यांचा खर्च बहुतेक मातीत गेला.

रोग ओळखण्यासाठी लागणारी निम्मी माहिती प्रयोगशाळेत कधीच पोहोचत नाही, ती फक्त शेत रोज पाहणाऱ्याजवळ असते, हे मला या लेखात आग्रहाने मांडायचे आहे. कुंडीएवढ्या मातीसह झाड उपटून नेले तरी ते वावराच्या कोणत्या कोपऱ्यातले, पहिले झाड कधी वाळले, त्याआधी आठवडाभर पाऊस होता की उघाड, शेजारच्या धुऱ्यापलीकडे काय फवारले, मागच्या वर्षी त्याच जागी काय पेरले होते, हे काही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. दुखणे न सांगता नुसती रक्ताची बाटली तपासायला पाठवावी, तसे ते होते. पण कास्तकाराच्या निरीक्षणाला ही किंमत मिळायची असेल तर त्याने एक शिस्त पाळायला हवी. जे डोळ्यांनी दिसले ते वेगळे सांगायचे आणि त्यावरून जो अंदाज बांधला तो वेगळा सांगायचा. "झाडाला मर लागली" हा अंदाज आहे. "परवा दुपारी पाऊस थांबून ऊन पडले आणि संध्याकाळी बोंडांनी भरलेली सात-आठ झाडे माना टाकून उभी होती" हे निरीक्षण आहे. पहिल्या वाक्यावर तज्ज्ञाला काही करता येत नाही, दुसऱ्यावर त्याचे निम्मे काम होऊन जाते.

शेतकऱ्याच्या नजरेवर एवढा भरवसा ठेवण्याला इतिहासाचा आधार आहे. गव्हावरचा तांबेरा दारुहळदीच्या कुळातल्या बार्बेरीच्या झुडपांजवळ जास्त पडतो, हे युरोप-अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हेरले होते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट वसाहतीने 1726 मध्ये ही झुडपे तोडण्याचा कायदासुद्धा केला. शिकलेले लोक त्याला दीर्घकाळ अडाणी समजूत म्हणत राहिले. तांबेऱ्याच्या बुरशीचा अर्धा जीवनक्रम खरोखरच बार्बेरीच्या पानावर पुरा होतो, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अंतोन द बारी यांनी 1865 मध्ये सिद्ध केले. शेतकऱ्यांना बुरशीचे बीजाणू दिसले नव्हते, पण कोणत्या बाजूचा गहू आधी लाल होतो ते दिसले होते. आपल्या संत्राबागांत आजही खोडाला लावतात ते बोर्डो मिश्रणही असेच सापडले. फ्रान्सच्या मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेलींची पाने केवड्यापासून वाचलेली 1882 मध्ये अलेक्सी मियार्दे या प्राध्यापकांच्या नजरेला पडली, आणि तीन वर्षांत त्यांनी त्याचे प्रमाणबद्ध औषध केले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नजर बरोबर असून निष्कर्ष चुकल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. संत्र्यावरची कोळशी हे त्यातले ठळक उदाहरण. पानाफळांवर काजळी धरते, झाड काळे पडते, हे दिसते ते अगदी खरे. त्यावरून ही बुरशी आहे, बुरशीनाशक मारा, असे ठरवले की पैसा वाया जातो. ती काजळी पानात शिरतच नाही. काळ्या माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतात, त्यांच्या अंगातून चिकट गोड द्रव पाझरतो आणि त्या द्रवावर काळी बुरशी वाढते. पान उलटून पाहिले तर माशीची काळी चमकदार पिल्ले दिसतात आणि उपाय कोणावर करायचा ते कळते. म्हणजे निरीक्षण कमी पडले होते, ते अर्ध्यावर थांबले होते. पान उलटणे, खोड चिरणे, मूळ खणणे या तीन गोष्टी केल्याशिवाय निरीक्षण पुरे झाले असे समजू नये.

सुरुवात मात्र पानापासून करू नका. आधी धुऱ्यावर उभे राहून सगळे वावर पाहा. बाधित झाडे वावरात कशी पसरली आहेत यावरून कारण सजीव आहे की निर्जीव याचा कौल बराचसा मिळतो. पिवळेपणा फक्त खोलगट जागी, पाणी उतरून जमते तिथे असेल तर मुळांना हवा मिळत नाही, हा पहिला संशय घ्या. तासांच्या तासे सारखी पिवळी असतील, म्हणजे आठ तासे पिवळी, पुढची आठ हिरवी, तर पेरणी, खत किंवा फवारणीत काहीतरी चुकले आहे. बुरशी किंवा विषाणू तिफणीच्या मापाने चालत नाहीत. एखादे झाड इथे, एखादे तिथे पिवळे, मधली निरोगी आणि आठवड्यागणिक पिवळ्यांची संख्या वाढती, तर उडणाऱ्या किडीने आणलेला विषाणू संभवतो. एका जागी गोल चकंदळ होऊन ते बाहेरच्या बाजूला रुंदावत असेल तर जमिनीतल्या बुरशीकडे बोट जाते. एकाच धुऱ्यालगत पट्टा असेल तर शेजारच्या वावराचा विचार करा. पऱ्हाटीची नवी पाने अरुंद होऊन बोटांसारखी लांबलचक फुटली, भेंडीच्या पानासारखी दिसू लागली, की बरेच जण विषाणू समजून घाबरतात. पण त्याच पट्ट्यातले रुंद पानांचे तणही तसेच वेडेवाकडे झाले असेल तर तो बहुधा 2,4-डी तणनाशकाचा फटका असतो, वाऱ्याने आलेला किंवा न धुतलेल्या पंपातून आलेला. विषाणू एकाच दिवशी कापूस आणि तण दोघांनाही सारखेच धरत नाही. असे असेल तर वाकडे शेंडे खुडून युरियाची हलकी फवारणी करावी आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. कीटकनाशकाने तिथे काहीही साधणार नाही.

त्यानंतर झाडाकडे वळा आणि पहिल्यांदा विचारा : वरची पाने की खालची? सोयाबीनमध्ये नत्राची उणीव खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते आणि पान सारखे पिवळे पडते. लोहाची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. जोराच्या पावसानंतर चुनखडीच्या भारी जमिनीत हे हमखास घडते आणि वापसा येऊन डवरणी झाली की बऱ्याचदा आपोआप सुधारते. सुधारले नाही तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी घेऊन फवारणी करतात. मोझॅकमध्ये शिरांचा असा नेमका आराखडा नसतो, पिवळे आणि हिरवे ठिपके एकमेकांत मिसळलेले, अनियमित असतात आणि शेजारचे झाड अगदी सुदृढ असू शकते. पुढे मूळ खणा. मुळांवरच्या गाठी कापून पाहा : आत गुलाबी असतील तर त्या नत्र पुरवत आहेत, हिरवट-राखाडी किंवा पोकळ असतील तर काम थांबले आहे. मग चाकूने खोड उभे चिरा. आत लालसर तपकिरी नागमोडी बोगदा असेल तर खोडमाशी आहे, आणि ती बाहेरून जवळजवळ काहीच दाखवत नाही. मुळाची साल सोलल्यावर आत राखेचा रंग आणि त्यावर कोळशाच्या बारीक चुऱ्यासारखे काळे कण असतील तर ती कोरडी मूळकुज आहे. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर ती दुसरीच बुरशी. या सगळ्याला एक खुरपे, एक चाकू आणि पाऊण तास लागतो. खतावर आणि औषधावर होणारा खर्च पाहता या पाऊण तासाइतके स्वस्त काही शेतीत नाही.

निरीक्षणाचा तिसरा धागा काळाचा, आणि तोच सर्वांत जास्त निसटतो, कारण तो लिहून ठेवला नाही तर आठवत नाही. हरभऱ्याचे उदाहरण घ्या. तीन वेगवेगळ्या रोगांना शेतकरी मरच म्हणतात, पण पेरणीनंतर पहिल्या काही आठवड्यांत रोपे कोलमडली आणि बुंध्याशी पांढरी बुरशी दिसली तर ती मानकुज. झाड हिरवे असताना माना टाकून गेले आणि चिरलेल्या खोडात मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसली तर ती फ्युजारियम बुरशीची खरी मर. फुले-घाटे लागल्यावर, ऊन वाढताना झाड एकाएकी गवताच्या रंगाचे झाले, उपटताना सोटमूळ कटकन तुटून जमिनीत राहिले आणि बारीक मुळे नाहीशी झालेली असली तर ती कोरडी मूळकुज. तारीख माहीत असेल तर तीनपैकी एक कारण खोड चिरण्याआधीच गळून पडते. तुरीतही तसेच. पावसाळ्यात, खोलगट जागी, लहान झाडाच्या खोडावर काळपट चट्टा पडून झाड वाळले तर फायटोप्थोराचा करपा संभवतो. फुलोऱ्यानंतर बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा आणि आत काळी रेघ असेल तर मर. आणि सगळी तूर शेंगा धरत असताना एखादे झाड हिरवेगार, झुडपासारखे दाट राहून फुलतच नसेल तर तो वांझ रोग आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कोळ्याने पसरवलेला. असे झाड डौलदार दिसते म्हणून बरेच जण ते ठेवतात. ते दिसताक्षणी उपटायला हवे.

कपाशीतली आकस्मिक मर हा तर निव्वळ काळाचा खेळ आहे. लांब उघाडीनंतर जोरदार पाऊस, त्यामागून कडक ऊन, झाडावर पात्या-बोंडांचा भार, आणि काही तासांत झाड मलूल. खोड चिरून पाहिले तर आत रेघ नाही, मूळ शाबूत. इथे कोणताही जंतू नसतो, मूळ आणि पान यांच्यातला पाण्याचा हिशेब बिघडलेला असतो. कृषी विद्यापीठांची शिफारस अशी की साचलेले पाणी लगेच काढावे, 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पालाश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून झाडाच्या बुंध्याशी ओतावे आणि माती पायाने दाबावी. पण हे पहिल्या एक-दोन दिवसांतच उपयोगी पडते. म्हणून "कधी दिसले" याचे उत्तर "चार-आठ दिवस झाले असतील" असे असेल तर उपाय हातात असूनही वेळ निघून गेलेली असते. लाल्याचेही असेच. पान लाल झाले एवढ्यावर मॅग्नेशियम सल्फेट फवारणारे पुष्कळ आहेत. पानाच्या कडा आधी पिवळ्या होऊन खाली वळल्या असतील आणि उलट्या बाजूला तिरपे चालणारे हिरवट तुडतुडे असतील तर दोष किडीचा आहे. कीड नसताना जुनी पाने शिरा हिरव्या ठेवून लाल होत असतील तर 1 टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, उपयोगी पडते. आणि नोव्हेंबरात रात्री थंडावल्यावर बोंडे पक्की झालेल्या झाडाचे पान लाल झाले असेल तर ते बहुतेक वयाचे लक्षण आहे, त्यावर खर्च करू नये.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे : रोग पसरत असताना एवढे पाहत बसायला वेळ कुणाला? उद्या पाऊस आला तर फवारणीची संधी जाईल. याला माझे उत्तर असे की घाई कुठे उपयोगाची आणि कुठे निरर्थक, हेही निरीक्षणच सांगते. विषाणू, मर, वांझ, मूळकुज यांत एका दिवसाच्या विलंबाने काहीच बिघडत नाही, कारण लागण झालेले झाड औषधाने परत येत नसते. जिथे खरेच तास मोजावे लागतात, म्हणजे आकस्मिक मर, पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक, पावसाळी हवेतला करपा, तिथे उशीर होतो तो पाहण्यामुळे होत नाही, आठवडाभर न पाहिल्यामुळे होतो. आठवड्यातून एक ठरलेला वार, वावराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी फेरी, वाटेत पाच जागी थांबून प्रत्येकी चार-पाच झाडे, एवढे केले तर ऐन वेळी धावाधाव कमी होते. फेरी दरवेळी त्याच रस्त्याकडच्या तासांतून काढू नका, नाहीतर वावराच्या पोटात काय चालले आहे ते कधी कळणार नाही.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे : मोबाइलवर फोटो काढून पाठवला की उत्तर येते, मग हे जुने खटाटोप कशाला? फोटो जरूर पाठवा, पण फोटोत काय येते ते ध्यानात घ्या. एका पानाचा जवळून काढलेला फोटो म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या माहितीतला एक लहानसा तुकडा. पाठवायचेच असतील तर चार पाठवा : धुऱ्यावरून सगळ्या वावराचा, एका पूर्ण झाडाचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा, आणि चिरलेल्या खोडाचा व मुळाचा. सोबत पेरणीची तारीख, वाण, जमीन, गेल्या पंधरा दिवसांतला पाऊस आणि आतापर्यंत केलेल्या फवारण्या लिहा. कृषी सेवा केंद्रात औषध घ्यायला जाल तेव्हाही हीच माहिती न्या. दुकानदाराला "सोयाबीन पिवळे पडले" एवढेच सांगितले तर तो सगळ्या शक्यतांवर एकेक बाटली देणार, हे समजण्यासारखे आहे. चिरलेले खोड समोर ठेवले तर त्यालाही एकच बाटली देणे सोपे जाते.

तिसरा आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. नुसत्या डोळ्यांनी जंतू ओळखता येत नाही, दोन बुरशींचे डाग सारखे दिसतात, दोन विषाणूंची पाने सारखी पिवळी होतात. हे मान्यच करावे लागते. निरीक्षणाने शक्यता दहावरून दोनवर येतात, त्या दोनांतली एक निवडायला पुष्कळदा प्रयोगशाळाच लागते. वर्धा जिल्ह्यात त्यासाठी सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, पुढे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, कपाशीसाठी आणि संत्र्यासाठी नागपूरला केंद्राच्या स्वतंत्र संशोधन संस्था आहेत. पण तिथे नेला जाणारा नमुना बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. पूर्ण वाळलेले झाड नेले तर त्यात मेल्यावर शिरलेल्या बुरशीच जास्त सापडतात. म्हणून नुकतीच लक्षणे दिसू लागलेली तीन-चार झाडे, एखादे मध्यम बाधित आणि तुलनेसाठी एक पूर्ण निरोगी झाड न्या. उपटू नका, खुरप्याने खणून मुळांसकट काढा, मुळांची माती राहू द्या. मुळे ओलसर कागदात गुंडाळा, पाने वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत उन्हातून नेलेला नमुना पोहोचेपर्यंत सडतो. सकाळी काढून त्याच दिवशी पोहोचवा, आणि शनिवारी दुपारी काढून सोमवारपर्यंत घरात ठेवू नका. चिठ्ठीवर वावरातली पसरण आणि तारखा लिहा. जाणे शक्य नसेल तर किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर बोलता येते, मात्र तेही वावरात उभे राहून, झाड हातात घेऊन बोलावे.

आता उपचाराविषयी, कारण निदानाची खरी कसोटी तिथे लागते. फवारल्यानंतर पीक सुधारले म्हणजे औषध लागू पडले, असे आपण धरून चालतो. पण लोहाच्या उणिवेने पिवळे पडलेले सोयाबीन वापसा आल्यावर आपोआप हिरवे होते. त्या चार दिवसांत ज्याने जे फवारले त्याला त्याचे श्रेय जाते, मग ते टॉनिक असो, बुरशीनाशक असो की गोमूत्र. पुढच्या वर्षी मूळकुजीने पिवळे पडलेल्या पिकावर तेच विश्वासाने फवारले जाते आणि पीक जाते. यातून सुटण्याचा एकच मार्ग मला दिसतो : प्रत्येक फवारणीत चार तासे कोरडी सोडा. वावराच्या मध्यावर, दोन्ही टोकांना काठ्या रोवून, न फवारता. आठ-दहा दिवसांनी फवारलेल्या आणि न फवारलेल्या तासांत फरक दिसला नाही तर औषधाचा उपयोग झाला नाही किंवा गरजच नव्हती, हे तुमच्याच वावराने दाखवून दिलेले असते. चार तासांचे नुकसान होईल ही भीती खरी आहे, पण एकरातली चार तासे म्हणजे फार थोडे झाड, आणि त्यातून मिळणारे उत्तर पुढच्या कितीतरी हंगामांना पुरते. झपाट्याने पसरणारी अळी किंवा करपा असेल तर हा प्रयोग करू नये, एवढा अपवाद ठेवावा. बोर्डो मिश्रणासारखे घरी केलेले औषधही तपासून घ्यावे. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी हे 1 टक्क्याचे प्रमाण. त्यात लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पात्यावर तांब्याचा लाल थर चढला तर चुना कमी पडला आहे, तसेच फवारले तर पाने जळतात.

चुकीच्या निदानाची किंमत फक्त रुपयांत मोजता येत नाही. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे उंच वाढलेली पऱ्हाटी, उघड्या अंगाने केलेली फवारणी, औषधांची मिश्रणे अशी अनेक कारणे सांगितली गेली. प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे पाठीवर पंप घेतलेल्या माणसाने घेतलेला एक जादा धोका, आणि तो माणूस बहुतेक वेळा वावराचा मालक नसतो. कारण नक्की कळेपर्यंत मिश्रण फवारायचे नाही, हा नियम त्याच्यासाठी आहे.

एकाच्या वावरातले निरीक्षण योगायोगही असू शकते, म्हणून ते दहा जणांच्या निरीक्षणांशी ताडून पाहावे लागते. महाराष्ट्रात याचा मोठा प्रयोग झालेला आहे. 2008 मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा प्रचंड उद्रेक झाला, त्यानंतर 2009 च्या खरिपापासून राज्य सरकारने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या ठरावीक शेतांत आठवड्याच्या आठवड्याला मोजणी, ती आकडेवारी एकत्र करून विद्यापीठांकडे, आणि तिथून सल्ला परत गावात. कल्पना नामी आहे, पण नमुन्याचे शेत तुमचे असेलच असे नाही, म्हणून गावाने आपले छोटे सर्वेक्षण जोडावे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोणत्या शिवारात काय दिसले आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहिले तरी पुरे. आणि त्यासाठी माहिती विचारायची ती निंदणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या बायांना. प्रत्येक तासातल्या प्रत्येक झाडापाशी वाकणारे गावात दुसरे कोणी नाही. कोणत्या तासात झाड आतून पोकळ लागते, कोणत्या कोपऱ्यातले बोंड हिरवे असून आत कुजलेले निघते, हे त्यांच्या हाताला आधी कळते. 1950 च्या सुमारास पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी बैलाविना, हातांनी करायच्या ऋषिशेतीचा प्रयोग केला, त्यात नजर आणि झाड यांच्यातले अंतर असेच कमी होते. आज ते अंतर मजुरीवर राबणाऱ्या बायांपुरतेच कमी उरले आहे, आणि रोगाची चौकशी करायला आलेला माणूस त्यांना सहसा काहीच विचारत नाही.

आणखी एक माहिती दरवर्षी हरवते, ती म्हणजे जमिनीचा पूर्वेतिहास. तुरीच्या मरेची बुरशी पीक निघून गेल्यावरही वर्षानुवर्षे जमिनीत राहते. वनस्पतिरोगतज्ज्ञ एडविन बटलर यांनी या रोगाचे वर्णन 1906 मध्येच केले, आणि त्यावर आजही पिकाची फेरपालट आणि प्रतिकारक वाण यांपेक्षा मोठा उपाय नाही. तुरीसोबत ज्वारी घेतली तर मर कमी राहते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे, आणि आपल्या जुन्या मिश्र पेरणीत ती जोडी होतीच. पण हे करायला आधी मर कोणत्या तुकड्यात होती ते माहीत पाहिजे. वावर ठेक्याने किंवा बटईने दिले जाते, दरवर्षी कसणारा बदलतो, आणि नवा माणूस नेमक्या त्याच तुकड्यात पुन्हा तूर पेरतो. म्हणून वावराचा एक हाताने काढलेला नकाशा ठेवा : धुरे, विहीर, खोलगट जागा, उताराची दिशा. हंगाम संपला की त्यावर मर कुठे होती, मूळकुज कुठे, पाणी कुठे तुंबले, सोयाबीन कोणत्या चकंदळात पिवळे पडले, ते वर्ष घालून दाखवा. वावर ठेक्याने देताना करारनाम्यासोबत या नकाशाची प्रत द्या, आणि घेताना पैसे ठरवण्याआधी मागून घ्या.